भुईवर

"साहेब, त्याला खाली घेऊ द्या. आमच्यात खाटेवर जीव जाऊ देत नाहीत," म्हातारी म्हणाली. दवाखान्याच्या फरशीवर तिनं गोधडी अंथरून ठेवली होती.

खाटेवर तिचा मुलगा शेवटच्या घटका मोजत होता. तुरुंगातून आणलेला कैदी, म्हणून त्याच्या मनगटातली बेडी खाटेच्या दांडीला अडकवलेली होती. आमच्यातही तीच रीत. माझ्या बापाला मीच काखेत हात घालून भुईवर घेतलं होतं.

"चावी हवालदारांकडं असते, मावशी. ते जेवायला गेलेत."

"मग तुम्ही कोण?"

"मी होमगार्ड. पोलीस कमी पडले की आम्हाला बोलावतात. चावी आमच्याकडं देत नाहीत."

दाभाडे हवालदारांना मी सारखा फोन लावत होतो. ते उचलत नव्हते. म्हातारीनं माझा खाकी शर्ट, त्याची कडक इस्त्री, कमरेचा पट्टा, सगळं नीट पाहिलं.

"मग हे कपडे कशाला दिलेत रे, लेकरा?"

ती रागावली नव्हती. तिला खरंच कळत नव्हतं.

दाभाडे दात कोरत आले, तोवर सगळं संपलं होतं. खाटेकडं बघून त्यांनी तोंडातली काडी टाकली. घाईघाईनं चावी काढून त्यांनी बेडी उघडली.

"धर रे, खाली घेऊ त्याला," ते हळूच म्हणाले.

मी त्याच्या काखेत हात घातला आणि खाली पाहिलं. म्हातारी गोधडीची घडी घालत होती.