कौतिकाबाईंचा श्वास

"आधी पट्टा बांधा, मग प्रश्न," विधानसभेच्या अध्यक्षांनी आठवण करून दिली.

खडीमशीनच्या धुळीने मजुरांची फुप्फुसं निकामी होत होती. तिथे पाण्याचे फवारे सक्तीचे का नाहीत, असा विरोधी पक्षाचे आमदार उत्तमराव ढमढेरे यांचा प्रश्न होता. नव्या नियमानुसार, ज्याच्यासाठी प्रश्न विचारायचा त्याचा श्वास आधी मिनिटभर स्वतः घ्यावा लागे. उत्तमरावांनी कॅमेऱ्याकडे बघत छातीला पट्टा बांधला आणि प्रेक्षक गॅलरीत बसलेल्या खडीमशीनवरच्या मजूर कौतिकाबाईंचा श्वास त्यांच्या छातीत सुरू झाला.

हवा आत जाईचना. अकराव्या सेकंदाला त्यांनी पट्टा ओरबाडून काढला.

"मिनिट पूर्ण झालेलं नाही. प्रश्न रद्द," अध्यक्ष म्हणाले. मंत्र्यांनी फाइल मिटली.

बाहेर पायऱ्यांवर कौतिकाबाई भेटल्या. उत्तमरावांना मान वर करवेना.

"वाईट नका वाटून घेऊ, साहेब," त्या दोनदा थांबून, धापा टाकत म्हणाल्या. "त्याची सवय असावी लागते. पुढच्या अधिवेशनात विचारा."

पुढचं अधिवेशन चार महिन्यांनी होतं.

"विचारतो," ते पुटपुटले. तोवर तुम्ही असाल का, हे विचारायची मात्र त्यांना हिंमत झाली नाही.