बरण्या भरायची युक्ती

लोणच्याच्या कारखान्याचे मालक जनार्दन सबनीस सकाळच्या बैठकीतून वैतागून उठले. "नवं काही सुचवा, पुढाकार घ्या," असं महिनाभर सांगूनही सगळे खाली माना घालूनच बसत होते.

तणतणत ते बरण्या भरायच्या खोलीत शिरले. त्यांना पाहताच शेवंताबाईंनी हातातलं काहीतरी पदराखाली लपवलं.

"काय आहे ते?"

नाइलाजानं त्यांनी दाखवलं. तेलाचा रिकामा डबा कापून केलेलं रुंद नरसाळं होतं. त्यामुळे बरण्यांच्या कडांना खार लागत नव्हता आणि पुसण्याचं काम वाचत होतं.

"कधीपासून वापरताय?"

"झाली की दोन वर्षं."

"मग मला सांगितलं का नाही?" सबनीसांचा आवाज चढला.

"सांगितलं होतं, साहेब. तुम्ही म्हणालात, पगार हात चालवायचा मिळतो, डोकं चालवायचा नाही."

असं बोलल्याचं सबनीसांना आठवेना, पण वाक्य आपलंच आहे हे त्यांना कळलं. आता चिडायचं तरी कुणावर? स्टूल ओढून ते बसले.

"कसं भरता, दाखवा मला."

शेवंताबाईंनी आधी बाकीच्या बायकांकडे पाहिलं. एकीनं मान हलवली, तेव्हाच त्यांनी पुढची बरणी उचलली.