महिन्यांचा रकाना

१९८८ साली कळव्यातल्या एका दवाखान्यासाठी मी गरोदर बायकांची स्तनपानाची इंग्रजी प्रश्नावली मराठीत केली. छापण्याआधी ती बायकांना विचारून पाहायची होती. पहिली बसली कोळीवाड्यातली सगुणा, सातव्या महिन्यातली.

“मागच्या बाळाला किती महिने पाजलंस?”

“नऊ दिस.”

“दिवस नको गं, महिन्यांत सांग.” कागदावरून मान वर न करताच मी म्हटलं.

“तेवढाच जगला, बाई. दूध मात्र पुढं महिनाभर येत होतं. एक लिहा ना.”

पाजलेले पूर्ण महिनेच मोजायचे, असा प्रश्नावलीचा नियम होता. मी शून्य लिहिलं.

“लिहिलात ना एक?” कागदाकडे बघत तिनं विचारलं. तिला वाचता येत नव्हतं.

मी हो म्हटलं.