हॉलरविंकलची चौकशी

सीमा.

"उत्तरेला ओढा, दक्षिणेला बीच झाडांचं रान, पश्चिमेला टेकडी," मोरेश्वरांनी वहीतून वाचलं. "वस्ती तीनशे बारा."

"आणि दवाखाना?" पूर्वाने भांडी विसळता विसळता विचारलं.

"अकरा किलोमीटर."

"बर्फात?"

मोरेश्वरांनी पान उलटलं.

साताऱ्यात चौतीस वर्षं भूगोल शिकवून ते निवृत्त झाले होते. लेकीकडे, आयर्लंडमधल्या ब्लँचर्डस्टाउनला, तीन महिन्यांसाठी म्हणून आले आणि करोनाने विमानं बंद पडली. वर्ष उलटलं. मध्येच हे स्थळ पुढे आलं, तेही जर्मनीतल्या हॉलरविंकल नावाच्या खेड्यातलं. लग्न ठरवण्याआधी गाव पाहावं, पाणी पाहावं, ही घरची रीत. "चौकशी पुरी झाल्याशिवाय माझा होकार नाही," पूर्वाने जानेवारीतच बजावलं होतं. जाऊन पाहणं शक्य नव्हतं. म्हणून वही.

पाणी.

पूर्वाच्या कारखान्यातला युर्गन मूळ हॉलरविंकलचा. दर रविवारी तो मागच्या अंगणात नियमाप्रमाणे लांब खुर्ची टाकून बसे आणि पोह्यांवर स्वतःच लिंबू पिळून घेई.

"पाणी जड आहे," त्याने कबूल केलं. "किटलीत थर बसतो. चव ग्रँड आहे पण."

"डाळ शिजेल?" पूर्वाने विचारलं.

युर्गन गोंधळला. "आईला विचारतो."

"विचारच."

इतिहास.

त्याची आई, हिल्डेगार्डबाई, गावच्या शाळेत शिकवत असत. आता एकट्याच राहायच्या. रोज चारला त्या व्हिडिओवर येत आणि सोळाशे सदतीसच्या आगीपासून सुरुवात करत. चर्चची घंटा पहिल्या महायुद्धात तोफांसाठी वितळवली, तेव्हा कोणकोणत्या बायका आडव्या पडल्या, त्यांची नावंसुद्धा त्यांना पाठ. मोरेश्वर लिहून घेत. दोन मास्तरांचं इंग्रजी, हळू पण स्वच्छ.

साताऱ्याहून दिलीपचा फोन आला. जुना सहकारी, जिभेला हाड नाही.

"काय रे मोऱ्या, विहीणबाई आज कुठल्या शतकात?"

"एकोणिसाव्या."

"पोरीचं लग्न एकविसाव्यात तरी लावतील ना?"

मोरेश्वरांनी तिकडच्या पावसाची चौकशी केली.

माणसं.

हे पान कोरंच होतं. परकं माणूस तिथे रुजेल का? पूर्वाचा खरा प्रश्न हा, आणि सगळं अडलं होतं ते इथेच. असल्या चौकशा तिची आई करायची. तिला जाऊन नऊ वर्षं झाली होती.

शेवटी मोरेश्वरांनी बाईंनाच सरळ विचारलं.

"माझी आई सेहेचाळीस साली निर्वासित म्हणून इथे आली," त्या म्हणाल्या. "गावाने गोठ्यात जागा दिली, आणि दूध नाकारलं. पुढे तिने इथल्याच माणसाशी लग्न केलं. तरी वीस वर्षं तिला 'ती नवी' म्हणत. ती गेली, त्या दिवशी मात्र गावात कोणी घरी बसून राहिलं नाही."

मोरेश्वरांनी ते जसंच्या तसं उतरवलं. दूध नाकारल्याचं गाळावं असं एकदा मनात आलं. हे वाचून पूर्वा नाही म्हणणार, हे त्यांना दिसत होतं. त्यांनी गाळलं नाही.

निकाल.

ऑगस्टातला रविवार, राखीपौर्णिमा. पूर्वा ते पान दुसऱ्यांदा वाचत होती. युर्गनने पोह्यांना हात लावला नव्हता.

"हे दुधाचं," तिने विचारलं, "त्यांनी स्वतःहून सांगितलं?"

"हो."

"आणि तुम्ही लिहिलंत."

"चौकशी आहे ती. जाहिरात नाही."

पूर्वा उठून आत गेली. मोरेश्वर आपल्या चपलांकडे बघत बसले. युर्गन जर्मनमध्ये काहीतरी पुटपुटला.

ती तबक घेऊन बाहेर आली. युर्गनच्या कपाळाला कुंकू लावलं, तांदूळ लावले, आणि त्याच्या मनगटावर राखी बांधून गाठ घट्ट ओढली.

"आईला फोन लाव," ती म्हणाली. "सांग, माझे बाबा तुमच्या घरी दिले."