बिळाच्या दाराशी

घरातल्या खाऱ्या पाण्याच्या काचेच्या टाकीतला गोबी मासा उडी मारून बाहेर पडला आणि मेला. तेव्हापासून त्याची सोबतीण कोळंबी बिळाबाहेर आलीच नव्हती. तिला जवळजवळ दिसत नसे. ती वाळू उपसून बीळ राखायची आणि गोबी दाराशी पहारा द्यायचा.

"कोळंबीवर एवढा जीव टाकणारी अख्ख्या वेंगुर्ल्यात तू एकटीच," दत्ताराम बायकोला म्हणाले.

कुमुदिनी हसल्या नाहीत. त्यांनी गोव्याहून नवा गोबी मागवला. तो ज्या पाण्याच्या पिशवीतून आला ती टाकीत तरंगत ठेवून, त्याला सवय व्हावी म्हणून टाकीतलं पाणी वाटीवाटीनं तिच्यात मिसळलं. मासा नुसता सोडला असता तर बिथरून भलत्याच कोपऱ्यात दडला असता, म्हणून त्यांनी एक रुंद नळी थेट बिळाच्या तोंडाशी टेकवली.

"धरा घट्ट. हलू द्यायची नाही."

दत्तारामांनी बाही सरसावून नळी धरली. मासा तिच्यातून घसरत खाली गेला आणि दाराशी थबकला. बराच वेळ काहीच घडलं नाही. दत्तारामांचा हात अवघडला, पण त्यांनी तो काढला नाही.

मग आतून एक लांब मिशी बाहेर आली. चाचपडत तिनं माशाच्या शेपटीला स्पर्श केला. मासा जागचा हलला नाही. मागोमाग कोळंबी वाळूचा ढीग ढकलत दारात आली.

कुमुदिनींनी डोळे पुसले. दत्ताराम ओल्या हातानंच गॅलरीत धावले आणि शेजारच्या नाबरांना ओरडून म्हणाले, "अहो, लवकर या! आमच्या हिनं काय करून दाखवलंय ते बघा!"