घरचे बरे आहेत ना?

बस गं झमिरा, चहा घे. आज पंच म्हणून तुझा पहिला दिवस, तर एक किस्सा ऐकूनच जा.

मागच्या वेळी इथंच, बिश्केकला, ड्रॅगन-जादूगारांच्या कार्डांच्या स्पर्धेत शेवटच्या फेरीला आपले वडीलधारे शायलोबेक आके आणि तरणा एर्मेक समोरासमोर बसले. जिंकेल तो अल्माटीच्या मोठ्या स्पर्धेला जाणार. पहिला डाव आक्यांनी मारलेला, म्हणजे वेळ संपली की तेच जिंकणार.

आके आपल्या पाळीला पटकन कार्ड टाकायचे. एर्मेकची पाळी आली की सुरू, "आईचा गुडघा कसाय रे? घोडी व्याली का?" मोठ्या माणसानं विचारल्यावर आपल्यात नीट सांगायलाच लागतं. एर्मेक बिचारा हातात ड्रॅगनचं कार्ड धरून आईचा गुडघा सांगत बसला.

नियम काय? ज्याची पाळी, उशीर त्याचा. मी एर्मेकला दोनदा ताकीद दिली.

पोरगं रडकुंडीला आलं. "दादा, आईचं विचारलं तर गप्प बसू का?"

मलाच कसंतरी झालं. म्हटलं बास, आता आक्यांनाच झापतो. गेलो टेबलापाशी. त्यांनी चष्म्यावरून बघितलं. "काय जावईबापू, आमची लेक सुखात आहे ना?"

 

घंटा झाली तेव्हा मी त्यांना धाकट्याला दात किती आले ते सांगत होतो. आज त्यांच्या टेबलावर तेवढं तू जा गं.