रायफलीतला बिघाड

दसऱ्यापासून जानरावांच्या एअर रायफलीचा नेम पार बिघडला होता. त्यांनी छर्रे बदलले, नळी दहादा पुसली, नेम धरायच्या साइटचे स्क्रू कधी इकडे तर कधी तिकडे फिरवले. पण छर्रा काही काळ्या ठिपक्यात लागेना. शेवटी त्यांनी सगळं खापर बायकोवर फोडलं. खंडेनवमीच्या पूजेत तिनेच म्हणे नळीत हळदकुंकू सांडलं होतं.

"हळदीनं कधी लोखंड बिघडते काय?" पार्वताबाई करवादल्या.

दिवाळीला लेक आचल माहेरी आली. तिला नेमबाजी जानरावांनीच शिकवलेली. परसात भिंतीशी उभ्या केलेल्या फळीवर नवा कागद टोचून त्यांनी रायफल तिच्या हातात दिली.

"तू मारून पाय बरं. तुहा बी नेम चुकला, तर हे भंगारात देतो."

आचलने श्वास रोखला. जानरावांनी डोळे गच्च मिटले. पोरीचा नेम चुकू दे, असं ते जन्मात पहिल्यांदाच देवाला विनवत होते.

छर्रा सुटला. ते तरातरा फळीकडे गेले, कागद उपटून डोळ्यांजवळ नेला, सगळा धुंडाळला. आणि त्यांचा चेहरा उजळला.

"पाय, कुठंच लागला नाही! मी सांगून राहिलो होतो ना, रायफलच बिघडली!"

 

 आचलने बाबांचं बोट धरलं आणि काळ्या ठिपक्याच्या मधोमध पडलेल्या भोकावर टेकवलं.